‘नटक्रॅकर’चा फिरता संसार

सण जुने असतात; परंतु सणांचे म्हणून जे आचार आपण पिढीजात समजतों, ते तपासून पाहिले असतां पुष्कळदां फारच अलीकडचे निघतात, असा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकास वारंवार येतो. सार्वजनिक गणेशोत्सवाचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. तो नसलेला भाद्रपद आज आपल्याला कल्पनेंतही आणवत नाहीं. तरी पुण्यांत त्याचा आरंभ झाला तो १८९३ सालीं. त्याच्या आदल्याच वर्षीं, डिसेंबरच्या १८ तारखेस, रशियाच्या राजधानींत एक बॅले प्रथम रंगभूमीवर आला. आज अमेरिकेंतील असंख्य कुटुंबांना त्यावांचून नाताळ पुरा झाल्यासारखा वाटत नाहीं. त्याचें नांव ‘नटक्रॅकर’. हा आचार किती जुना म्हणून तिकडील एखाद्या गृहिणीस विचारलें, तर ‘आमच्या आजीच्या वेळेपासूनचा’ असें उत्तर येईल; आणि तें अक्षरशः खरें असेल, कारण आजीच्या पलीकडे तो जातच नाहीं.

डिसेंबर लागला कीं न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, सॉल्ट लेक सिटी अशा शहरांतून तेथल्या तेथल्या नृत्यमंडळ्या आठवडेच्या आठवडे हा एकच खेळ लावतात. ज्या गांवांना स्वतःची मंडळी नाहीं, तेथें फिरती मंडळी येते. एक-दोन रात्रींचा मुक्काम. उतरण्याचें ठिकाण बहुधा गांवांतलें जुनें, डागडुजी करून पुन्हां उभें केलेलें नाट्यगृह. आणि रंगभूमीवर परक्या नर्तकांच्या पायांमधून धांवणारे उंदीर मात्र त्याच गांवच्या शाळकरी मुलामुलींपैकीं. फिरती मंडळी, जुनें नाट्यगृह आणि गांवचीं मुलें यांचा हा मेळ कसा जमला, हें पाहण्यासारखें आहे. कारण मुळांत हा बॅले पडला होता.

नटक्रॅकर म्हणजे शब्दशः अडकित्ताच; पण आपल्या पानदानांतला नव्हे. जर्मन कारागीर लांकडाचा शिपाई कोरतात आणि त्याच्या पाठीला एक दांडी बसवितात. ती उचलली म्हणजे शिपायाचा जबडा उघडतो. त्यांत अक्रोड ठेवून दांडी दाबली कीं कवच फुटतें. नाताळच्या आदल्या रात्रीं एका सुखवस्तु घरीं मुलें जमलीं आहेत. क्लारा नांवाच्या मुलीला तिच्या धर्मपित्याकडून असा एक शिपाई भेट मिळतो. भाऊ तो मोडतो. मध्यरात्रीं दिवाणखान्यांतलें नाताळचें झाड वाढतां वाढतां आढ्याला भिडतें, उंदरांचें सैन्य चालून येतें, बाहुल्यांची व त्यांची लढाई जुंपते. मुलगी आपला सपाता फेंकून उंदीरराजास लोळविते. शिपायाचा राजपुत्र होतो, आणि बर्फाच्या रानांतून तो तिला मिठाईच्या देशांत नेतो. तेथें साखरपरी राज्य करीत असते. पुढें कथा अशी कांहीं नाहींच; चॉकोलेट, कॉफी, चहा हीं एकामागून एक येऊन नाचतात.

मूळ गोष्ट हॉफमन या जर्मन लेखकाची, १८१६ सालची. ती बरीच भयाण आहे. बॅलेसाठीं घेतली ती आलेक्झांद्र ड्यूमा या फ्रेंच कादंबरीकारानें पुढें गोड करून सांगितलेली. रशियाच्या शाही नाट्यगृहांचे अधिपति व्सेवोलोझ्स्की यांनीं १८९० सालीं चायकोव्स्कीच्या संगीतावर ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा बॅले रंगभूमीवर आणला होता व तो चांगला वठला होता. तसेंच यश पुन्हां साधावें या हेतूनें त्यांनीं चायकोव्स्कीकडून एका रात्रींत दाखवितां येईल अशी ऑपेरा व बॅले यांची जोडी मागितली. नृत्यरचनेचा म्हातारा उस्ताद मारियुस पेतिपा यानें संगीतकाराला लेखी फर्मानच धाडलें: अमुक प्रसंगाला इतकीं आवर्तनें, तमुक प्रसंगाला इतकीं, झाड वाढतें त्या जागीं अठ्ठेचाळीस आवर्तनें, आणि स्वर सारखे चढत जाणारे. या चौकटींत चायकोव्स्कीनें काय भरलें तें पुढें सर्व जगानें ऐकलें. स्वतः पेतिपा मात्र आजारी पडला, आणि नृत्यें बसविण्याचें काम त्याचा साहाय्यक लेव्ह इव्हानोव्ह याच्यावर आलें. हा गुणी मनुष्य जन्मभर पेतिपाच्या सावलींत राहिला.

संगीतकाराची त्या वेळची मनःस्थिति आनंदी नव्हती. १८९१ च्या वसंतांत तो अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला असतां, आपली लाडकी बहीण वारल्याची बातमी त्यानें पॅरिसमध्यें वर्तमानपत्रांत वाचली. तसाच तो पुढें गेला, आणि ५ मे रोजीं न्यूयॉर्क येथें कार्नेगी हॉलच्या उद्घाटनप्रसंगीं त्यानें वाद्यवृंद चालविला. ज्या देशांत आपला बॅले पुढें घर करणार होता तो देश त्यानें असा, बॅले अपुरा असतांनाच, पाहून घेतला. दुसऱ्या अंकांत साखरपरी व तिचा जोडीदार यांचें जें युगुलनृत्य आहे, त्याची मुख्य चाल म्हणजे केवळ एक अवरोह आहे: तार षड्जापासून मध्य षड्जापर्यंत शुद्ध स्वरांची उतरण, आपल्या बिलावलासारखी. नवशिक्या विद्यार्थ्यास पहिल्या आठवड्यांत घोटवावी इतकी साधी. ऐकणाऱ्यास मात्र ती मिठाईच्या देशांतली वाटत नाहीं. मृत बहिणीचा शोक तींत उतरला आहे असें कित्येक अभ्यासक मानतात. तें सिद्ध करतां येण्याजोगें नाहीं, पण एकदां कानीं पडल्यावर टाकवतही नाहीं.

पॅरिसमध्येंच त्याला सेलेस्टा नांवाचें नवें वाद्य आढळलें. दिसण्यांत पेटीसारखें, आवाजांत कांचेच्या लहान घंटांसारखें. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या दोघांना सुगावा लागण्यापूर्वीं तें गुपचूप रशियांत आणवावें, असें त्यानें आपल्या प्रकाशकास लिहिलें. थोर कलावंतही आपलें नवल दुसऱ्यानें आधीं उघडूं नये म्हणून किती जपतात! साखरपरीच्या नृत्यांत ऐकूं येतो तो नाजूक आवाज या वाद्याचा.

प्रयोग मारिन्स्की नाट्यगृहांत झाला. रंगीत तालमीस जार तिसरा अलेक्झांडर हजर होता व तो खूष झाला. पण वर्तमानपत्रें खूष झालीं नाहींत. त्यांच्या तक्रारींचें सार असें: पहिल्या अंकांत सगळीं मुलेंच मुलें, लढाईंत कोण कोणास मारतो तें कळत नाहीं, आणि जिच्यासाठीं तिकीट काढावयाचें ती मुख्य नर्तकी रात्र संपत आल्यावर दर्शन देते. पीटर्सबर्गचा रसिक वर्ग नाट्यगृहांत येई तो नर्तकीचें कसब पारखण्यासाठीं. शाही नृत्यशाळेंतल्या पोरांची धांवपळ पाहण्यांत त्याला रस असण्याचें कारण नव्हतें. एका वर्षाच्या आंतच चायकोव्स्की वारला. हा बॅले रशियांतून अगदीं नाहींसा कधीं झाला नाहीं, परंतु ‘स्लीपिंग ब्यूटी’ व ‘स्वान लेक’ यांच्या पंक्तीस तो त्या काळीं बसला नाहीं, हेंही खरें.

यापुढें त्याचे तुकडे देशोदेशीं फिरूं लागले. संगीतांतील निवडक भागांची माला बॅलेच्या आधींच, १८९२ च्या मार्चमध्यें, वाजविली गेली होती. ती नृत्यावांचूनच लोकप्रिय झाली. अॅना पाव्हलोव्हा हिनें बर्फाचें दृश्य सुटें काढून आपल्या फिरत्या मंडळीच्या कार्यक्रमांत घातलें. (हीच बाई १९२२-२३ च्या पौर्वात्य दौऱ्यांत मुंबईसही येऊन गेली.) रशियांतील क्रांतीनंतर निकोलस सर्गेयेव्ह हा जुना अधिकारी देश सोडून निघाला, तेव्हां त्यानें मारिन्स्कीच्या नृत्यांच्या लिपिबद्ध वह्या बरोबर आणल्या. त्यांच्या आधारें १९३४ च्या जानेवारींत लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहांत हा बॅले रशियाबाहेर प्रथमच बराचसा पुरा दिसला. साखरपरी होती अलिशिया मार्कोव्हा.

अमेरिकेंत तो पोंचला तो आगगाडीनें. युरोपांत महायुद्ध पेटल्यावर ‘बॅले रूस द मॉन्टे कार्लो’ या मंडळीनें अमेरिकेंत तळ ठोकला. १९४० च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कला तिनें अलेक्झांद्रा फेडोरोव्हा हिनें आटोपशीर करून बसविलेला एक अंकाचा ‘नटक्रॅकर’ दाखविला, आणि मग तो ट्रंकांत भरून गांवोगांव नेला. आज या गांवीं खेळ, रात्रीं गाडींत झोंप, उद्यां पुढच्या गांवीं पडदा. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांचें बिऱ्हाड ज्यांनीं पाहिलें किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे, त्यांना या जीवनक्रमाचें वर्णन करून सांगावयास नको. गंमत अशी कीं, पुढच्याच महिन्यांत वॉल्ट डिस्नेचा ‘फँटेशिया’ हा बोलपट झळकला. त्यांत चायकोव्स्कीच्या मालेवर फुलें व भूछत्रें नाचतात. त्याच्या प्रास्ताविकांत हा बॅले आतां कोणी करीत नाहीं असें सांगितलें जातें, आणि त्याच वेळीं तो पडशी पाठीस बांधून गांवें घेत होता.

सबंध ‘नटक्रॅकर’ अमेरिकेंत प्रथम उभा राहिला तो १९४४ च्या डिसेंबरच्या २४ तारखेस, सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर मेमोरियल ऑपेरा हाउसमध्यें. बसविणारा विलम ख्रिस्टेन्सेन हा यूटा प्रांतांतला. भावांबरोबर व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणीं, कसरती, नकला यांच्या मिश्र खेळांतून फिरलेला. त्यानें हा बॅले पुरा असा कधीं पाहिलाही नव्हता. दौऱ्यावरची रशियन मंडळी शहरांत उतरली असतां, पीटर्सबर्गच्या शाळेंत शिकलेले जॉर्ज बॅलन्शीन व अलेक्झांद्रा डॅनिलोव्हा यांना त्यानें गांठलें. त्यांनीं त्याला सगळा खेळ तोंडी सांगितला. आठवणीच्या भरांत डॅनिलोव्हा उठून नाचूं लागली, तेव्हां बॅलन्शीननें तिला अडविलें. पावलें ज्याचीं त्यानें बसवावीं, असें त्याचें म्हणणें पडलें. ही हकीकत ख्रिस्टेन्सेन स्वतः सांगत असे. युद्धामुळें कापडाची टंचाई होती. पोषाख करणारा रसेल हार्टली हा विशींतला पोर. त्यानें कोठून तरी मिळविलेल्या जुन्या पडद्याच्या मखमालीवर पुष्कळ भागविलें. त्या बंदरांतून त्या दिवसांत पॅसिफिकच्या रणांगणाकडे सैनिक रवाना होत होते. अशा नाताळांत ज्या घरचे वडील समुद्रापार होते, त्या घरच्या मुलांना एक रात्र मिठाईच्या देशांत नेणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हती. तथापि लगेच दरसालचा नेम झाला असें नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोंत तो १९४९ पासून लागला, आणि ख्रिस्टेन्सेन यूटामध्यें परतल्यावर तेथें १९५५ पासून.

बॅलन्शीननें आपला ‘नटक्रॅकर’ १९५४ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्यें आणला. लहानपणीं तो स्वतः मारिन्स्कीच्या प्रयोगांतून उंदीर झाला होता, पुढें राजपुत्रही. म्हणून पैशाचा प्रश्न निघाला तेव्हां झाडावर काटकसर करावयास तो तयार झाला नाहीं. झाड म्हणजेच बॅले, असें त्याचें मत. आणि त्यानें मुलें ठेवलीं, किंबहुना वाढविलीं. पीटर्सबर्गच्या टीकाकारांनीं ज्या गोष्टीला नाकें मुरडलीं, तीच येथें फळाला आली, असें मला वाटतें. राजधानीचा रसिक नर्तकीसाठीं आला होता. अमेरिकेंतला बाप आपली मुलगी उंदरांच्या रांगेंत डावीकडून तिसरी आहे म्हणून आला. तिच्यामागून आजी आली, शेजारीण आली, आणि पुढल्या सालीं शेजारणीची मुलगी उंदीर झाली. १९५८ च्या नाताळच्या रात्रीं बॅलन्शीनचा हा प्रयोग दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. त्यानंतर नृत्यशिक्षिका असलेल्या गांवोगांवीं हा खेळ आपणही करावा असें वाटूं लागलें.

आतां घरांविषयीं. सिटी सेंटरची इमारत मुळांत नाट्यगृह म्हणून ओळखली जात नव्हती. ‘श्राइनर’ नांवाच्या एका बंधुमंडळानें १९२३ सालीं ती ‘मेक्का टेंपल’ या नांवानें बांधली. हे सद्गृहस्थ डोक्यावर लाल तुर्की टोपी घालीत आणि आपल्या सभागृहांना मशिदीचें रूप देत. धर्माशीं संबंध कांहीं नाहीं, केवळ हौस. अटलांटाचें फॉक्स थिएटरही त्यांचेंच अपत्य. आंत छताच्या जागीं निळें आकाश व त्यांत लुकलुकणारे दिवे, भोंवतीं अरबी किल्ल्याचा देखावा, साडेचार हजारांवर आसनें. तें १९२९ च्या नाताळच्याच दिवशीं उघडलें. बांधतां बांधतां मंडळाचा पैसा संपला आणि अर्धें घर सिनेमाला भाड्यानें देणें भाग पडलें. आपल्याकडील नाट्यगृहें बोलपटानें गिळलीं तशींच तिकडचींही गिळलीं. फरक इतकाच कीं, दूरचित्रवाणीनें बोलपटाचें गिऱ्हाईक तोडल्यावर तिकडे हीं अवाढव्य घरें ओसाड पडलीं, आणि तीं पाडून कचेऱ्या बांधण्याचे बेत झाले. फॉक्सवरही १९७५ च्या सुमारास हा प्रसंग आला होता. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, कर्ज काढलें, तें १९७८ सालीं फेडलें. त्याच वर्षीं सॉल्ट लेक सिटींत १९१३ चें एक जुनें व्हॉडव्हिलगृह जीर्णोद्धार होऊन कॅपिटल थिएटर म्हणून पुन्हां खुलें झालें. ख्रिस्टेन्सेनच्या मंडळीचा ‘नटक्रॅकर’ आज तेथें होतो. अशा घराला वर्षांतून निदान एक पंधरवडा तरी भरलेला लागतो, आणि तो नाताळचाच.

पण भरलेलें म्हणजे कोणी भरलेलें, हा प्रश्न विचारल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. फॉक्समध्यें कृष्णवर्णीयांना १९६२ पर्यंत बाहेरच्या वेगळ्या जिन्यानें चढून वरच्या माडीवर बसावें लागे. रंगभूमीवर तर त्यांना जागाच नव्हती. रेव्हन विल्किन्सन ही न्यूयॉर्कची निग्रो वंशाची, वर्णानें उजळ अशी तरुणी दोनदां नाकारली गेल्यावर १९५५ सालीं वर सांगितलेल्या बॅले रूस मंडळींत दाखल झाली. दक्षिणेच्या दौऱ्यांत अटलांटाच्या एका हॉटेलांत तिला तिच्या वर्णाविषयीं विचारण्यांत आलें. नाहीं म्हणणें सोपें होतें. तिनें खरें सांगितलें, आणि तिला वेगळ्या टॅक्सींतून ‘काळ्यां’च्या हॉटेलाकडे पाठविण्यांत आलें. अॅलाबामा प्रांतांतील माँटगोमेरीस मंडळी उतरली तेव्हां शहर कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनीं भरलेलें होतें. पुढें पुढें कांहीं गांवीं तिला खेळांतून वगळूं लागले. १९६१ सालीं ती मंडळी सोडून गेली. पुन्हां नाचली ती हॉलंडमध्यें. फिरत्या मंडळीनें कला गांवोगांव नेली हें जसें खरें, तसेंच गांवाची शिवण वाचवावी म्हणून आपल्यांतलें एक माणूस तिनें मागें ठेवलें हेंही खरें, आणि तें लिहून ठेवलें पाहिजे.

मिठाईच्या देशांतील ‘कॉफी’ व ‘चहा’ यांविषयीं आपण पौर्वात्यांनीं एक शब्द बोलण्यास हरकत नसावी. अरबी म्हणून जें नृत्य चालतें त्याचा स्वर जॉर्जिया प्रांतांतील एका अंगाईगीताचा आहे. पीटर्सबर्गहून पाहतां दक्षिणेकडचें सगळेंच अरबस्तान! चिनी नृत्यांत बोटें वर करून माना डोलविण्याचा जो प्रकार असे, तो चिनी वंशाच्या मुलांना आपली टवाळी वाटे, आणि ती होतीही. २०१७ च्या सुमारास न्यूयॉर्कला या गोष्टीची चर्चा होऊन तेथील पोषाख व हातवारे बदलण्यांत आले. मग इतर मंडळ्यांनींही तसें केलें. जुनें तें पवित्र म्हणणाऱ्यांनीं कुरकूर केली. पण इव्हानोव्हनें बसविलेल्यापैकीं फार थोडें मुळांत शिल्लक आहे, हें त्यांनीं ध्यानांत घेतलें नाहीं.

कांहीं जाणकार या बॅलेचा तिटकारा करितात. धंदा आहे म्हणतात. धंदा आहे खराच. कित्येक अमेरिकन मंडळ्यांचें तिकिटांचें वार्षिक उत्पन्न दोन-पंचमांशापासून निम्म्यापर्यंत या एका खेळावर येतें. वसंतांत जे नवे, अवघड, रिकाम्या खुर्च्यांपुढें नाचले जाणारे बॅले होतात, त्यांचा खर्च उंदरांनीं कमावलेला असतो. २०२० सालीं साथीमुळें नाट्यगृहें बंद झालीं आणि न्यूयॉर्कचा ‘नटक्रॅकर’ १९५४ नंतर प्रथमच चुकला, तेव्हां या एका खांबावर किती तुळया टेकल्या होत्या तें सर्वांना दिसलें.

फिरत्या मंडळ्यांत ‘मॉस्को बॅले’ या नांवानें १९९३ पासून अमेरिकेचा दौरा करणारी एक आहे. तिची रीत मजेदार आहे. शरद् ऋतूंतच एक नर्तकी पुढें जाते. गांवच्या नृत्यशाळेंत मुलें निवडते, चार पावलें शिकवून दुसऱ्या गांवाला निघते. डिसेंबरांत मंडळी येते तों उंदीर, बर्फाचे कण, बाहुल्या तयार असतात. तिच्या प्रयोगांत मिठाईच्या देशाच्या जागीं शांततेचा देश आहे, आणि दोन नर्तक मिळून प्रत्येकीं एक पंख पसरून शांतीचें कबूतर होतात. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली. मंडळींत युक्रेनचेही नर्तक होते. त्या वर्षापासून जाहिरातींतून मॉस्कोचें नांव गेलें आणि नाताळचा जादूचा बॅले असें नवें नांव आलें; कबूतर राहिलें.

खेळ संपला कीं अशा मंडळीला रात्रभरांत सामान आवरावें लागतें. झाड घडी करून पेटींत जातें. गांवचीं मुलें उंदरांचीं तोंडें परत करून आईबापांबरोबर घरीं जातात. पहिल्या अंकाच्या शेवटीं वरून पडलेलें बर्फ कागदाच्या बारीक कपट्यांचें असतें. पुष्कळ मंडळ्यांत तें झाडून गोळा करितात, चाळतात, त्यांतल्या केसांच्या पिना, टिकल्या, मणी वेंचून काढतात आणि पुन्हां पिशव्यांत भरून ठेवतात. तरी एखादी पिन राहतेच, आणि पुढच्या गांवीं बर्फाबरोबर कोणाच्या तरी डोक्यावर पडते.